सरळ चाक, वाकडं चाक

परवा गावी गेलो होतो तेव्हा वडिलांच्या पद्मिनीचं व्हील अलाइनमेंट करून घेतलं. एका वाक्यात संपणारी गोष्ट, पण तिला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत डोक्यात जे सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

आमचं गाव धामणगाव बढे, बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळा तालुक्यात. काळ्या मातीचा, कपाशीचा मुलूख. वडील गेल्यापासून गाडी शेडमध्ये उभी होती. भंगारात द्यायची की ठेवायची, हा घरातला नेहमीचा विषय. मी म्हटलं, आधी चालवून तर बघू. चालवली, तर ती डावीकडे ओढायला लागली. उतरून पाहिलं तर पुढच्या टायरची आतली कड पार गुळगुळीत.

जवळच्या मोठ्या गावात कॉम्प्युटरवर अलाइनमेंट करतात, तिथे नेली. चाकांना चकत्या लावल्या, कॅमेरे सुरू झाले, आणि पोरगा पडद्यावर गाडीचं नाव शोधायला लागला. यादीत पद्मिनी नव्हतीच! तो म्हणाला, "काका, सगळं झिरो करून देतो, एकदम सरळ." मीही खूश झालो. सरळ म्हणजे सरळ, त्यात वाईट ते काय?

परत येताना कळलं. गाडी आता एका बाजूला ओढत नव्हती, पण रस्त्यावर ठरतही नव्हती. जरा डावीकडे, जरा उजवीकडे, सारखं स्टिअरिंग सावरत बसायचं. दुसऱ्या दिवशी वडिलांच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि हसले. म्हणाले, "उभ्या गाडीचं सरय येगळं भाऊ, चालत्या गाडीचं येगळं."

या वाक्याचा अर्थ लागायला थोडं मागे जावं लागतं.

पद्मिनी दिसते आपली, पण तिचा मूळ आराखडा 1953 साली इटलीत आलेल्या फियाट 1100 चा. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, आणि 1964 पासून तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात 'फियाट 1100 डिलाइट' तयार होऊ लागली. 1974 मध्ये तिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. म्हणजे पन्नाशीच्या दशकातलं इटालियन गणित आपण या शतकापर्यंत चालवलं. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, पुढची चाकं किंगपिनभोवती वळणारी.

अशी गाडी धावते तेव्हा मागची चाकं तिला ढकलतात आणि रस्ता पुढच्या चाकांना मागे रेटतो. सांध्यांमध्ये, रबरी बुशांमध्ये थोडी ढील असतेच. त्यामुळे पुढची चाकं किंचित बाहेर फाकतात. म्हणून गाडी उभी असताना ती मुद्दाम काही मिलिमीटर आत वळवून ठेवतात. याला टो-इन म्हणतात. उभी असताना वाकडी, पण धावताना सरळ. आजच्या बऱ्याच गाड्यांचे टायर रेडियल आणि जोर पुढच्या चाकांना, त्यांना शून्याच्या आसपासचा आकडा चालून जातो. आमच्या गाडीला तो चालला नाही, इतकंच.

गंमत म्हणजे ही युक्ती मोटारीच्या फार आधीची आहे. ती गाडीवानांची, खरं तर सुतार-लोहारांची.

लहानपणी आमच्या दारात बंडी असायची. तिचं चाक निरखून पाहिलं तर सपाट नव्हतं. उथळ ताटासारखं होतं, तुंबा थोडा आत आणि कड बाहेर. सुताराची चूक वाटावी असं. पण बैल चालताना गाडी डावीउजवीकडे डुलते, आणि प्रत्येक हिसक्याला कणा तुंब्याला बाहेर ढकलतो. आरे सपाट बसवले तर चाक थोड्या दिवसांत खिळखिळं होणार. ताटासारख्या चाकात मात्र तुंबा बाहेर सरकायचा तर कड फाकायला हवी, आणि कडेवर तापवून चढवलेली, थंड होताना आवळलेली लोखंडी धाव ती फाकू देत नाही. म्हणजे धक्का बसला की चाक उलट घट्टच होतं.

युरोपातल्या घोडागाड्यांचे सुतारही हेच करत. आणखी एक करत. कण्याची टोकं जराशी खाली झुकवत, म्हणजे वजन पेलणारे खालचे आरे उभे राहत. त्यामुळे चाकाचा माथा बाहेर कलतो. असं कललेलं चाक शंकूसारखं बाहेर पळू पाहतं आणि कण्याच्या खिळीवर घासतं. म्हणून कण्याची टोकं ते थोडी पुढेही वळवत, म्हणजे चाकं पुढून किंचित आत येत. मोटारवाल्यांनी माथ्याच्या कलण्याला कॅम्बर म्हटलं आणि आत वळण्याला टो-इन. नावं नवी, हात जुनेच.

वळण्याचा प्रश्नही घोडागाडीनेच सोडवला. चारचाकी वळते तेव्हा आतलं चाक लहान वर्तुळावर फिरतं आणि बाहेरचं मोठ्या, त्यामुळे आतलं जास्त वळायला हवं. म्युनिकच्या गेओर्ग लांकेनस्पेर्गरने 1817 च्या सुमारास त्यासाठी जोडणी तयार केली. 1818 साली लंडनमध्ये रुडॉल्फ आकरमान याने तिचं पेटंट घेतलं आणि नाव आकरमानचंच राहिलं. कार्ल बेंझची 1886 ची मोटार तीन चाकांची होती, कारण चार चाकांच्या वळण्याचा उपाय त्याच्या मनासारखा जमत नव्हता. तो जमला 1893 साली. आमच्या दोनचाकी बंडीला ही अडचणच नव्हती, वळायचं काम बैल करत.

1867 साली रेल्वे नागपूरला पोचली आणि आमच्याकडच्या कापसाला मलकापूरसारखी स्टेशनं मिळाली. कापूस तिथपर्यंत न्यायच्या मात्र बंड्याच. एकामागून एक गाडी त्याच वाटेने जायची आणि काळ्या मातीत दोन खोल रेघा पडायच्या. त्या रेघा म्हणजेच चाकोरी. आपण हा शब्द आता नावं ठेवायला वापरतो, 'चाकोरीतलं आयुष्य' वगैरे. पण गाडीवानाला चाकोरी म्हणजे आधार होता. अंधारात, झोपेत गाडी तीच सांभाळायची. डांबरी रस्त्यावर चाकोरी नसते, तिथे ती गाडीच्या आतच भरून ठेवावी लागते. अलाइनमेंट म्हणजे दुसरं काय!

असो. मिस्त्रींनी आधी टाय-रॉडला हात घातलाच नाही. टायरमधली हवा पाहिली, चाक उचलून हलवून किंगपिन आणि बेअरिंगची ढील पाहिली. एका बाजूचे बुश गेले होते, ते बदलले. "ढील असन तं मापाला काय अर्थ?" मग प्रत्येक चाक उचलून फिरवलं आणि टायरवर खडूने गोल रेघ मारली. गाडी खाली घेऊन थोडी पुढे ढकलली. दोन्ही रेघांमधलं अंतर तुंब्याच्या उंचीवर आधी पुढून मोजलं, मग मागून. दोन मापांतला फरक तोच टो-इन. टाय-रॉड थोडा फिरव, पुन्हा ढकल, पुन्हा मोज, असं चार-पाच वेळा.

"किती ठेवायचं?" मी विचारलं. ते म्हणाले, "तुमच्या बाबानं लिहून ठेवलं असन, पाय."

ग्लोव्ह बॉक्समध्ये वडिलांची छोटी वही होती. तिच्यात पेट्रोल, ऑइल, ग्रीस यांच्या तारखा, आणि दर वेळच्या अलाइनमेंटचा आकडा. वर्षानुवर्षं तोच. ही वही मी आधीही चाळली होती, पण तो आकडा कशाचा हे मला कधी कळलंच नव्हतं.

संध्याकाळी मलकापूरच्या रस्त्याला गाडी काढली. सपाट, मोकळ्या टप्प्यावर स्टिअरिंगवरचे हात जरा सैल सोडले. गाडी आपली सरळ चालली होती.

भंगाराचा विषय तूर्त बंद झाला आहे. मिस्त्री आता थकलेत, पुढच्या वेळी ते असतील की नाही सांगता येत नाही. म्हणून त्या वहीत, वडिलांच्या शेवटच्या नोंदीखाली, मी तारीख घातली आणि तोच आकडा पुन्हा लिहिला. शेजारी तो कशाचा आहे, तेही लिहिलं.