पाणी कुठून गेलं?

परवा माझा मोबाईल बंद पडला. घेऊन सातच महिने झाले होते, वॉरंटी वर्षाची. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने फोन उघडला, आतला लाल झालेला ठिपका दाखवला आणि म्हणाला, "काका, पाणी गेलंय. वॉरंटीत बसत नाही." म्हटलं, बाबा रे, ज्या सोलापुरात वर्षानुवर्षं चार-चार दिवसांनी नळाला पाणी आलं, तिथे ते फोनवर कोण ओतेल? तो हसला, पण कागदावर 'ग्राहकाची चूक' असं लिहिलंच. जन्मभर मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं. पैशांपेक्षा ते दोन शब्द लागले.

घरी येऊन जुनी कात्रणं काढली. वस्तू विक्रीचा कायदा इंग्रजांच्या वेळचा, १९३० चा. मालाच्या दर्जाची थोडीफार हमी त्यात होती, नाही असं नाही. पण ती मिळवायची तर दिवाणी कोर्ट, वकील, तारखा. एका पंख्यासाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? दुकानदार म्हणेल ते खरं!

१९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत निघाली, कुटुंबं एकत्र येऊन वाणसामान घेऊ लागली. २४ डिसेंबर १९८६ ला ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत ग्राहक मंच आले.

त्या कायद्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तपासल्याशिवाय दोष कळत नसेल, तर मंचाने वस्तू प्रयोगशाळेत पाठवायची. म्हणजे ज्याच्यावर तक्रार, त्यानेच निकाल द्यायचा, हा प्रकार संपला. २०१९ च्या नव्या कायद्यातही ही तरतूद आहे. शिवाय आता आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही लागत नाही.

मग मी कंपनीला साध्या मराठीत पत्र लिहिलं: फोन प्रयोगशाळेत तपासून घेऊ, माझी तयारी आहे, नाहीतर जिल्हा आयोगाकडे येतो. बाराव्या दिवशी फोन दुरुस्त होऊन आला, फुकट. 'ग्राहकाची चूक' मात्र कोणी खोडली नाही. असो.

मंडळी, बिलं जपून ठेवा. आणि काउंटरवर मिळालेलं उत्तर शेवटचं समजू नका.