‘वरून हुकूम आहे’: 1970 चं माँट्रियाल आणि एक चित्रपट

मागच्या खेपेला आपण सत्ता आणि संमती यांविषयी बोललो. आज ग्रंथ बाजूला ठेवू आणि तोच विषय एका चित्रपटाच्या आधारानं पुढे नेऊ. मिशेल ब्रो या दिग्दर्शकाचा ‘लेझ ऑर्द्र’ हा फ्रेंच भाषेतला कॅनडियन चित्रपट 1974 साली आला. नावाचा अर्थ ‘हुकूम’.

आधी इतिहास थोडक्यात पाहू. कॅनडातला क्युबेक हा फ्रेंच भाषिकांचा प्रांत. तो स्वतंत्र व्हावा म्हणून ‘क्युबेक मुक्ती आघाडी’ नावाची एक छोटी, हिंसक संघटना 1963 पासून बॉम्बस्फोट घडवत होती. 5 ऑक्टोबर 1970 रोजी तिनं माँट्रियालमधून ब्रिटिश व्यापार अधिकारी जेम्स क्रॉस यांना पळवलं आणि 10 तारखेला प्रांताचे मंत्री पिएर लापोर्त यांना. 16 तारखेच्या पहाटे पंतप्रधान पिएर त्रुदो यांच्या सरकारनं ‘युद्धकालीन उपाययोजना कायदा’ लागू केला. दुसऱ्याच दिवशी लापोर्त यांचा खून झाला. त्यांचा मृतदेह एका मोटारीच्या डिकीत सापडला. क्रॉस डिसेंबरात जिवंत सुटले.

हा कायदा 1914 चा, पहिल्या महायुद्धातला. दुसऱ्या महायुद्धात याच्याच बळावर जपानी वंशाच्या हजारो कॅनडियनांना घरांतून उठवून छावण्यांत नेलं होतं. शांततेच्या काळात तो वापरला गेला तो एकदाच, 1970 साली. त्यातली मेख अशी, की बंड प्रत्यक्ष झालेलं असण्याची गरज नव्हती. बंडाची ‘भीती’ पुरेशी होती, आणि भीती आहे की नाही हे सरकारच ठरवणार! वॉरंटशिवाय अटक करता येत होती आणि आरोप न ठेवता 21 दिवसांपर्यंत डांबून ठेवता येत होतं. एकूण 497 माणसं पकडली गेली. त्यांत कवी होते, गायिका होती, कामगार पुढारी होते आणि ज्यांचं नाव कुणी ऐकलं नव्हतं असे कितीतरी होते. त्यांतल्या 435 जणांना आरोप न ठेवताच सोडून दिलं गेलं.

ब्रो यांनी सुटून आलेल्यांपैकी पन्नासेक जणांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यांतून पाच पात्रं उभी केली. एक गिरणी कामगार आणि त्याची बायको, एक बेकार तरुण, एक समाजसेविका आणि गरीब वस्तीत दवाखाना चालवणारा एक डॉक्टर. नट आधी स्वतःचं खरं नाव सांगतात आणि मग आपण कुणाची भूमिका करतोय ते सांगतात. बाहेरचं जग कृष्णधवल दिसतं, तुरुंग रंगीत. अपहरणकर्ते पडद्यावर येत नाहीत, पंतप्रधानही येत नाहीत. दिसतात फक्त दार ठोठावणारे, कपडे उतरवायला लावणारे, कुलूप लावणारे. त्या बेकार तरुणाला तर तुला गोळी घालणार म्हणून सांगतात, बंदूक रोखतात आणि शेवटी कळतं की ते सगळं नाटक होतं.

यात आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते ती एकच गोष्ट. कैदी पुन्हा पुन्हा विचारतो, ‘मला का धरलंय?’ आणि उत्तर मिळत नाही. पोलिसाला माहीत नसतं, जेलरला माहीत नसतं. हुकूम आहे, एवढंच. आता तत्त्वज्ञानाच्या अंगानं पाहा. आपण दगडाला कारण सांगत नाही, खुर्ची हलवताना तिला विचारत नाही. कारण सांगायचं असतं ते माणसाला. ज्याला कारण सांगितलं जात नाही, त्याला माणसांच्या यादीतून खोडलेलं असतं, मग जेवण वेळेवर का मिळेना. आणि ज्याला कारण न विचारता हुकूम पाळायची सवय लागते, तो जेलरही हळूहळू त्याच यादीतून बाहेर पडतो.

यावर रास्त आक्षेप आहे. खून झाला होता. सरकारनं हात बांधून बसायचं होतं का? मुळीच नाही. पण अपराध्याला शोधणं वेगळं आणि शेकडो घरांत भीती पेरणं वेगळं. दुसरा आक्षेप क्युबेकमधूनच आला. चळवळीतले लेखक पिएर व्हॅलिएर स्वतः तुरुंगात होते. चित्रपटानं राजकारणच गाळलं, अशी त्यांची तक्रार होती. तीत तथ्य आहे. तरी आम्हाला वाटतं, राजकारण गाळल्यामुळेच एक प्रश्न प्रेक्षकाला टाळता येत नाही: हे चालू असताना बाकीचे काय करत होते?

बाकीचे पाठिंबा देत होते. संसदेत 190 विरुद्ध 16 मतांनी सरकारची बाजू उचलून धरली गेली. लोकमतही बहुतांशी सरकारकडेच होतं. चित्रपटाच्या सुरुवातीला ब्रो यांनी एक अवतरण दिलंय. आशय असा, की सत्ता एका माणसावर अन्याय करते तेव्हा बाकी सगळे दोषी असतात, कारण त्यांच्या मौनानंच तिला ते करू दिलेलं असतं. हे 1958 साली कुणी लिहिलं होतं? पिएर त्रुदो यांनीच.

मे 1975 मध्ये या चित्रपटासाठी ब्रो यांना कान महोत्सवात दिग्दर्शनाचं पारितोषिक विभागून मिळालं. पुढच्याच महिन्यात, 25 जूनच्या रात्री, आपल्याकडे आणीबाणी आली. तेव्हा घटनेत शब्द होता ‘अंतर्गत अशांतता’. तोही असाच सैल. ‘मिसा’खाली धरलेल्याला कारण सांगायची गरज नाही, अशी दुरुस्ती झाली.

आम्ही तेव्हा कॉलेजात होतो. आमच्या एका सरांना पहाटे नेलं. त्यांच्या तासाला दुसरे सर आले, त्यांनी हजेरी घेतली, आणि आम्ही ओळीनं ‘हजर’ म्हणत गेलो. सर कुठे आहेत, हे एकानंही विचारलं नाही. पुढे चाळीस वर्षं आम्ही नीतिशास्त्र शिकवलं. तो तास काही विसरता आला नाही.

पुढे कायदे सुधारले. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीनं ‘अंतर्गत अशांतता’ जाऊन ‘सशस्त्र बंड’ आलं. कॅनडानंही 1988 मध्ये जुना कायदा मोडीत काढून संसदेचा अंकुश असलेला नवा केला. शब्द घट्ट झाले, हे चांगलंच झालं. पण ‘का?’ हा प्रश्न कायदा आपल्या वतीनं विचारत नाही. तो शेजारच्या बाकावरच्यानं विचारावा लागतो. आम्ही तो विचारला नव्हता. तुम्ही विचाराल, एवढीच अपेक्षा.