स्लीपिंग बॅगची ऊब कमी का होते? ती कशी जपावी?

डिसेंबरच्या थंडीत हरिश्चंद्रगडावर वापरलेली स्लीपिंग बॅग घरी आली की अनेकदा तशीच छोट्या पिशवीत कोंबून माळ्यावर जाते. मध्ये पावसाळा उलटतो. पुढच्या ट्रेकला बॅग काढावी तर कुबट वास येतो आणि रात्री थंडी वाजते. बॅग कुठे फाटलेली नसते, मग ऊब जाते कुठे?

ऊब कशामुळे मिळते?

स्लीपिंग बॅग स्वतः उष्णता तयार करत नाही. आतल्या पिसांत किंवा कृत्रिम तंतूंत हवा अडकते आणि ती शरीराची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. म्हणून बॅग जितकी फुगते तितकी ती उबदार. महिनोन् महिने दाबून ठेवली, तर हा फुगीरपणा कमी होतो. घाम आणि त्वचेवरचे तेल आत मुरले तरी तेच होते. पिसे भिजली की त्यांचे गोळे होतात आणि ऊब जवळपास संपते. कृत्रिम तंतू ओले असतानाही थोडी ऊब देतात आणि लवकर वाळतात.

ट्रेकहून आल्यावर

बॅगची चेन पूर्ण उघडून ती उलटी करावी आणि सावलीत, वारा लागेल अशा जागी दिवसभर पसरावी. सतत कडक ऊन लागल्यास नायलॉनचे कापड कमजोर होते.

धुताना

दरवेळी धुण्याची गरज नसते, डाग ओल्या फडक्याने पुसावा. आत सुती लायनर वापरल्यास बॅग कमी मळते. धुवायचीच झाली तर लेबलवरच्या सूचना वाचाव्यात, सौम्य साबण वापरावा. ब्लीच आणि फॅब्रिक सॉफ्टनर टाळावे. पिसांची ओली बॅग जड होते. ती एका टोकाला धरून उचलल्यास आतली शिवण तुटू शकते, म्हणून दोन्ही हातांनी खालून आधार द्यावा. वाळताना गोळे हलक्या हाताने मोकळे करावेत.

ठेवताना

छोटी पिशवी फक्त प्रवासापुरती. घरी बॅग मोठ्या सुती पिशवीत किंवा जुन्या उशीच्या अभ्य्रात सैल ठेवावी, नाहीतर कपाटात टांगावी. प्लास्टिकच्या पिशवीत राहिलेला ओलावा बाहेर पडत नाही आणि बुरशी धरते. डांबरगोळ्यांचा वास बॅगेत मुरतो, त्याही नकोत. पावसाळ्यात उघडीप मिळाली की बॅग बाहेर काढून हवा द्यावी.

मॅटचे काय?

फुगवायच्या मॅटमध्ये तोंडाने हवा भरताना श्वासातली वाफ आत जाते. त्यामुळे ती झडप उघडी ठेवून, न गुंडाळता ठेवावी.

हिमालयाच्या ट्रेकआधी बॅग आदल्या दिवशी घरीच उघडून पाहावी. काही तासांनीही ती चपटीच राहिली, तर तिच्या भरवशावर बर्फात रात्र काढू नये. दुसरी बॅग भाड्याने घ्यावी.