सरकत्या भिंतीला ३६० पुरत नाही

रायपूरच्या व्हीआयपी रोडवर लग्नाचे मोठे हॉल आहेत. एका हॉलचे दोन करता यावेत म्हणून मालक वरच्या रुळाला लटकणारी सरकती भिंत मागतात. तिचा भार वाहणाऱ्या बीमबद्दल आपल्या इंजिनिअरमंडळींत एक मत रूढ आहे: आयएस ८०० : २००७ मधली 'गाळा भागिले ३६०' ही मर्यादा पाळली की काम झाले. हे मत अडाणीपणाचे नाही. आकडा भारतीय मानकातला आहे, आणि मालकाचे लोखंड उगाच वाढू नये ही काळजीही रास्त आहे.

पण हा ३६० कशासाठी? बीमवरच्या बांधकामाला तडे जाऊ नयेत म्हणून. सरकती भिंत तडकत नाही, अडकते. १२ मीटर गाळ्याला हा हिशेब ३३ मिलिमीटर बाक मान्य करतो. तेवढ्याने पॅनेल फरशीला घासेल. तळाशी फट वाढवली, तर पलीकडच्या डीजेला अडवणार कोण? 'तळाचे सील फट भरेल,' असे सांगितले जाते. सीलची हालचाल फरशीच्या उंचसखलपणासाठी असते. ती बीमनेच खाल्ली, तर फरशीसाठी काय उरले?

अशा भिंतींच्या ध्वनिरोधाचे अमेरिकी मार्गदर्शक, एएसटीएम ई५५७, १२ फुटांमागे १/८ इंच बाक चालवून घेते. म्हणजे गाळा भागिले ११५२. आपल्या १२ मीटरला साडेदहा मिलिमीटरही नाही. आता हिशेब मांडू. भिंत ४ मीटर उंच, वजन चौरस मीटरला ५० किलो. दोन्ही टोकांना साधा टेकलेला आयएसएमबी ४५० एवढ्याच भाराने सुमारे ९ मिलिमीटर वाकतो. वरच्या मजल्यावरच्या माणसांसाठी दोन मिलिमीटरही शिल्लक राहत नाहीत.

'बीमला आधीच उलटा बाक देऊ,' हा युक्तिवाद अधिक वजनदार आहे. कायम भारापुरता तो खराही आहे. पण ही भिंत आज गाळाभर पसरलेली, उद्या एका टोकाला गोळा केलेली. उलटा बाक कोणत्या स्थितीचा धरणार?

राहिला खर्च. आयएसएमबी ६०० घेतला तर वजन मीटरला ७२ किलोंवरून १२३ किलोंवर जाते, वाकण्याला होणारा विरोध मात्र तिप्पट होतो. नऊचे तीन मिलिमीटर. वाद उण्यापुऱ्या ६०० किलो लोखंडाचा आहे, तोही भिलाईच्या शेजारच्या शहरात!

आणि ज्या मानकाची ढाल केली जाते, ते काय म्हणते? वापर आणि पेललेल्या वस्तूचा स्वभाव पाहून याहून कमी किंवा जास्त मर्यादा योग्य ठरू शकते, असे आयएस ८०० स्वतःच नोंदवते. तेव्हा निवाडा वाचकांनी करावा. माझी मागणी एवढीच: ड्रॉइंगवर बाकाची मर्यादा मिलिमीटरमध्ये लिहावी, आणि बीम भिंतीच्या दोन्ही स्थितींत तपासावा.