बंगळूर ते केंब्रिज : एका मराठी मुलीचा विद्याप्रवास

परदेशी शिक्षण हा विषय आज इंदिरानगरातील बहुतेक मराठी घरांत निघतो. पूर्वी इंग्लंड, अमेरिका अथवा जर्मनी एवढीच नावे घेतली जात. आता त्यांत कोरियाची भर पडली आहे. तेथील सरकारी शिष्यवृत्ती मिळाल्यास साधारणतः प्रथम एक वर्ष कोरियन भाषा शिकावी लागते, ठराविक पातळीची परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते आणि मगच मूळ अभ्यासक्रमास आरंभ होतो. १९७१ साली स्थापन झालेल्या ‘कैस्ट’सारख्या शास्त्रसंस्थेत मात्र बरेचसे अध्यापन इंग्रजीतून चालते. ही माहिती मिळविणे हल्ली कठीण राहिलेले नाही. कोणता विषय, कोणते विद्यापीठ, किती खर्च, एवढ्या तीन प्रश्नांवर चर्चा आटोपते. परंतु ‘आत घेतील का?’ हा चौथा प्रश्न ज्या पिढीपुढे होता, तिच्यातील एका मराठी मुलीची हकीकत आपल्या या बंगळूर शहरातच घडलेली आहे. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत तिला स्थान असणे उचित होय.

ही मुलगी म्हणजे कमला भागवत, पुढच्या डॉ. कमला सोहोनी. मराठी वाचकांना दुर्गाबाई भागवतांची ओळख करून देण्याचे कारण नाही. कमलाबाई त्यांच्या धाकट्या भगिनी. जन्म १९११ चा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ व दोघेही बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेचे विद्यार्थी. तेव्हा बंगळूर हे नाव या घराला परके नव्हते. १९३३ साली रसायन व भौतिक हे विषय घेऊन मुंबई विद्यापीठाची बी.एस्‌सी. परीक्षा त्या पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या. वडील ज्या संस्थेत शिकले तेथेच आपणही संशोधन करावे, या स्वाभाविक इच्छेने त्यांनी अर्ज धाडला.

जमशेटजी टाटांच्या संकल्पातून आणि म्हैसूर दरबारने दिलेल्या जमिनीवर १९०९ साली ही संस्था उभी राहिली. १९३३ साली तिच्या संचालकपदी सर चंद्रशेखर वेंकट रामन आले. त्या जागेवर बसलेले ते पहिले भारतीय. १९३० चे नोबेल पारितोषिक त्यांनी परदेशी विद्यापीठात न शिकता मिळविले होते, ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे. अशा या थोर पुरुषाने कमलाबाईंचा अर्ज फेटाळला. गुण कमी पडले नव्हते. अर्जदार स्त्री होती, एवढेच कारण. वडील आणि चुलते यांनी रदबदली केली, तीही व्यर्थ गेली.

कमलाबाई स्वतः बंगळुरास आल्या आणि नकाराचे कारण लेखी द्या, असा आग्रह धरून त्यांनी संचालकांच्या दारी सत्याग्रह आरंभला. काळ गांधीयुगाचा होता, शस्त्र तेच. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून गणना होणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतही, काम करावे लागेल. आणि प्रयोगशाळेचे वातावरण बिघडू देता कामा नये! या शेवटच्या अटीतील अपमान त्यांना वृद्धपणीही विसरता आला नाही, आणि तो त्यांनी जाहीरपणे बोलूनही दाखविला. रामन यांच्या विद्वत्तेविषयी आदर बाळगूनही, येथे त्यांची दृष्टी संकुचित ठरली असेच म्हणावे लागते. सरकारी सेवेत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्यास ‘अटींवर मंजूर’ हा शेरा चांगला परिचित आहे. अटी घालणाऱ्याची भीतीच त्यातून बहुधा दिसते.

मार्गदर्शक मात्र त्यांना उत्तम लाभले. श्रीनिवासय्या शिस्तीचे कडक, पण विद्यार्थ्याच्या पाठीशी उभे राहणारे. त्यांनी जीवरसायनातील मूळ ग्रंथ वाचावयास लावले, नामवंत शास्त्रज्ञांशी पत्रव्यवहार करावयास शिकविले. दूध आणि डाळी-कडधान्ये यांतील प्रथिने हा कमलाबाईंच्या संशोधनाचा विषय होता. गरिबाच्या ताटातील वरणाचा विचार प्रयोगशाळेत व्हावा, यातच त्यांच्या पुढील सर्व कार्याची दिशा ठरून गेली. वर्षभरात रामन यांचे समाधान झाले आणि त्यानंतर संस्थेत इतर मुलींनाही प्रवेश मिळू लागला. १९३६ साली कमलाबाईंनी एम.एस्‌सी. पदवी विशेष गुणवत्तेसह मिळविली.

पुढील टप्पा केंब्रिजचा. तेथील न्यूनम हे स्त्रियांचे महाविद्यालय. आणि जीवरसायनाची प्रयोगशाळा सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांची, ज्यांना जीवनसत्त्वांच्या शोधासाठी १९२९ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. प्रथम डेरेक रिक्टर व नंतर रॉबिन हिल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी वनस्पतींच्या श्वसनाचा अभ्यास केला. बटाट्यावर काम करता करता, वनस्पतींच्या पेशींतही ‘सायटोक्रोम सी’ हे द्रव्य असते आणि ऑक्सिडेशनच्या क्रियेत त्याचा भाग असतो, असे त्यांना आढळले. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. प्रबंध चाळीसेक पानांचा, काम चौदा महिन्यांचे! हल्लीच्या जाडजूड प्रबंधांच्या काळात हे आकडे नवलाचे वाटतील.

विज्ञानात पीएच.डी. झालेली पहिली भारतीय स्त्री असा त्यांचा उल्लेख सर्वत्र होतो. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माल यांना अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने १९३१ सालीच डी.एस्‌सी. दिलेली असल्याने त्या ‘पहिली’ शब्दावर वाद होऊ शकतो. त्यात शिरण्याचे कारण नाही.

विलायतेत सर्व दारे उघडी होती असे मात्र कोणी समजू नये. ज्या केंब्रिजने कमलाबाईंचे संशोधन मान्य केले, त्याच केंब्रिजने १९२१ पासून स्त्रियांना पदवीचे केवळ नाव दिले होते. विद्यापीठाचे पूर्ण सदस्यत्व त्यांना १९४८ साली मिळाले. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२ साली ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्या, पण पदवी हाती पडावयास १९२२ साल उजाडले. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली डॉक्टर झाल्या त्या पेनसिल्व्हेनियातील केवळ स्त्रियांसाठी काढलेल्या वैद्यक महाविद्यालयातून.

कमलाबाई १९३९ सालीच स्वदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी जीवरसायनाचा विभाग सांभाळला, नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधनशाळेत काम केले. १९४७ साली मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह होऊन त्या मुंबईस आल्या आणि तेथील विज्ञान संस्थेत प्राध्यापक व पुढे संचालक झाल्या. डॉ. राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून त्यांनी ताडाच्या नीरेवर संशोधन हाती घेतले. कुपोषित आदिवासी मुले व गरोदर स्त्रिया यांना नीरा दिल्याने प्रकृतीत सुधारणा होते, हे त्यांच्या विद्यार्थ्यांच्या साहाय्याने दिसून आले, आणि या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. १९९८ साली दिल्लीत भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार योजिला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या व थोड्याच काळात निवर्तल्या.