वितळतार व मंडल खंडक, मोटारगाडीतील

मोटारगाडीच्या विद्युत् मंडलातून प्रमाणाबाहेर प्रवाह वाहू लागल्यास ते मंडल आपोआप तोडणारी दोन साधने. वितळतारेला व्यवहारात फ्यूज आणि मंडल खंडकाला सर्किट ब्रेकर म्हणतात. वितळतार स्वतः वितळून मंडल तोडते आणि तेथेच तिचे आयुष्य संपते. खंडकाचे स्पर्शक उघडतात व पुन्हा मिटवता येतात, काही प्रकारांत ते आपणहूनच मिटतात. दोन्हींचे काम तारेचे व तिच्या निरोधक आवरणाचे रक्षण करणे हे आहे. दिवा, भोंगा वा चलित्र यांचे रक्षण करणे नव्हे. ही गोष्ट कारागीरही पुष्कळदा विसरतात. दिवा जळाला तर दिव्याचेच नुकसान होते. तार तापली तर गाडी पेटते.

प्रवाहाच्या उष्णतेने बारीक संवाहक वितळू द्यावा व पुढचे मौल्यवान यंत्र वाचवावे, ही कल्पना मोटारगाडीहून जुनी आहे. फ्रान्समधील लुई ब्रेगे यांनी १८४७ मध्ये तारायंत्राच्या ठाण्यांचे विजेपासून रक्षण करण्यासाठी तारमार्गात कमी जाडीचा संवाहक घालण्याची शिफारस केली होती. विजेच्या दिव्यांच्या मंडलासाठी अशा सुरक्षा संवाहकाचे एकस्व टॉमस आल्वा एडिसन यांना अमेरिकेत १८८० मध्ये मिळाले. लहान आकाराचा, हाताने पुन्हा मिटवता येणारा मंडल खंडक मात्र बराच उशिरा आला. जर्मनीतील मानहाइम येथे हूगो श्टोट्स यांच्या कारखान्यात तो १९२४ मध्ये सिद्ध झाला.

आरंभीच्या मोटारगाड्यांना यांपैकी कशाचीच गरज नव्हती. दिवे कार्बाइडाच्या वायूवर वा तेलावर जळत, ठिणगी चुंबकीय जनित्रातून मिळे आणि एंजिन हाताने दांडा फिरवून चालू करीत. १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांचा विद्युत् आरंभक बसविण्यात आला आणि त्याबरोबर संचायक विद्युत् घटमाला, जनित्र व विजेचे दिवे गाडीत कायमचे आले. गाडीचा पोलादी सांगाडाच परतीचा संवाहक म्हणून वापरण्याची पद्धतही रूढ झाली. त्यामुळे निम्मी तार वाचली. पण एखाद्या तारेचे आवरण पत्र्याच्या कडेला घासून फाटले, की ती तार थेट सांगाड्याला टेकते आणि मंडलसंक्षेप, म्हणजे बोलीतील ‘शॉर्ट’, होतो. शिशाच्या घटमालेचा अंतर्गत रोध अतिशय कमी असल्याने अशा वेळी शेकडो अँपिअर प्रवाह वाहू शकतो. दाब अवघा ६ किंवा १२ व्होल्ट, म्हणून धोकाही लहान, असा समज त्या काळी होता व आजही आहे. धक्का बसण्याच्या दृष्टीने तो बरोबर, आगीच्या दृष्टीने मात्र साफ चुकीचा आहे.

वितळतारेत सामान्यतः जस्ताची, तांब्याची किंवा त्यांच्या मिश्रधातूंची अरुंद पट्टी असते. प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात उष्णता निर्माण होऊन पट्टी अरुंद भागात वितळते. आजच्या पातीच्या वितळतारेने तिच्यावर लिहिलेल्या प्रवाहाच्या ११० टक्के प्रवाह १०० तास सोसावा, १३५ टक्क्यांना ती सु. दहा मिनिटांच्या आत आणि दुप्पट प्रवाहाला सु. पाच सेकंदांच्या आत तुटावी, अशी अपेक्षा असते. कायम वाहणारा प्रवाह अंकित प्रवाहाच्या सु. ७५ टक्क्यांहून अधिक ठेवीत नाहीत. उदा., प्रत्येकी ६० वॉटचे दोन मोठे दिवे १२ व्होल्टवर १० अँपिअर घेतात; १० ला ०·७५ ने भागल्यास १३·३ येतात, म्हणून १५ अँपिअरची वितळतार घ्यावी आणि १५ अँपिअर निर्धास्तपणे वाहून नेईल अशीच तार त्या मंडलात घालावी. दुसरी अट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे.

मोटारगाडीतील खंडक बहुधा औष्णिक असतो. भिन्न प्रसरणाच्या दोन धातूंची जोडपट्टी तापून वाकते व स्पर्शक अलग होतात. याचे तीन प्रकार मानले जातात. पहिल्यात पट्टी निवाली की स्पर्शक आपोआप मिटतात. दुसऱ्यात उघडलेल्या स्पर्शकांना समांतर असा लहान तापक पट्टीला ऊबदार ठेवतो, त्यामुळे दाब काढून घेईपर्यंत मंडल तुटलेलेच राहते. तिसऱ्यात बटण दाबावे लागते. काच पुसणाऱ्या वायपरचे किंवा खिडकीची काच वर-खाली करणारे चलित्र अडकले, तर ते नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह घेते; पण हा दोष तात्पुरता असतो. तेथे दर वेळी वितळतार बदलणे व्यर्थ होय, म्हणून अशा मंडलांत खंडक योग्य ठरतो. उलट, तार सांगाड्याला टेकली असेल तर पहिल्या प्रकारचा खंडक उघडमीट करीत राहतो, प्रत्येक मिटण्यासरशी तार पुन्हा तापते आणि अखेर आवरण करपते किंवा स्पर्शक एकमेकांना चिकटून बसतात. कायम दोषासाठी वितळतार व येणाऱ्या-जाणाऱ्या अतिभारासाठी खंडक, असा ढोबळ नियम यातून निघतो.

या नियमाला सर्वांत मोठा अपवाद पुढील मोठ्या दिव्यांचा. रात्री वळणावर दोन्ही दिवे एकाएकी विझणे हे तार तापण्याहून अधिक घातक ठरू शकते. या पेचाची तीन देशांत तीन उत्तरे निघाली. अमेरिकी कारखान्यांनी दिव्यांच्या स्विचातच आपोआप मिटणारा खंडक बसविला. दोष आल्यास दिवे लुकलुकतात, पण चालकाला गाडी कडेला घेता येते. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपमध्ये वितळतारेऐवजी असाच ३० अँपिअरचा औष्णिक खंडक होता. इंग्रजी गाड्यांत, विशेषतः लूकस कंपनीच्या विद्युत् योजनेत, साऱ्या गाडीला मिळून दोनच वितळतारा असत व मोठे दिवे अजिबात असंरक्षित ठेवले जात. दिवे विझण्याचा धोका टाळला, आगीचा पत्करला. जर्मनी व इटलीत तिसरा मार्ग रुळला. फोक्सवॅगन बीटलमध्ये डाव्या व उजव्या दिव्याला, तसेच लांब व आखूड झोताला, निरनिराळी वितळतार आहे. एक तुटली तरी दुसरा दिवा रस्ता दाखवितो. प्रस्तुत लेखकाच्या मते या तिन्हींत हेच उत्तर सर्वांत विवेकी होते, कारण त्यात दोन धोक्यांपैकी कोणताच स्वीकारावा लागत नाही. थोडी अधिक तार व काही जास्त वितळतारा एवढाच त्याचा खर्च आहे.

भारतात या तिन्ही परंपरा उतरल्या, आणि त्यांतील दोन एकाच कारखान्यात एकत्र आल्या. तो कारखाना उभारणारे उद्योजक सोलापूरचे होते. वालचंद हिराचंद दोशी (२३ नोव्हेंबर १८८२–८ एप्रिल १९५३) यांचा जन्म सोलापूरला झाला. बांधकाम, जहाजवाहतूक व विमाननिर्मिती यांत उतरलेल्या वालचंदांनी भारतात मोटारगाड्या बनविण्याचा ध्यास घेतला होता. त्यासाठी अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी बोलणी झाली. पण महायुद्धामुळे काम लांबले. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ मध्ये स्थापन झाली व मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, फार्गो व डीसोटो या नावांच्या मालमोटारी क्रायस्लरच्या धर्तीच्या, म्हणजे दिव्यांना खंडक देणाऱ्या अमेरिकी परंपरेतल्या होत्या. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी सहकार्य झाले आणि १९५४ पासून फियाट ११०० ही लहान गाडी येथे तयार होऊ लागली. तिच्यात चिनी मातीच्या लहान दंडगोलावर उघडी धातुपट्टी बसविलेल्या, टोकांशी निमुळत्या वितळतारांची पेटी होती. हीच गाडी १९७० नंतरच्या दशकात प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली व मुंबईची टॅक्सी म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होती. इंग्रजी परंपरा कोलकात्याजवळील उत्तरपाड्याहून आली. हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर ही मूळची मॉरिस ऑक्सफर्ड असल्याने लूकसच्या दोन वितळतारा तिच्याबरोबर भारतात आल्या. अशा रीतीने एकाच कारागिराला एका दिवसात तीन निराळ्या तत्त्वांच्या गाड्या हाताळाव्या लागत. त्या तीन असण्यामागे विचार होता, हे सांगणारे मराठी पुस्तक मात्र त्याच्या हाती नव्हते.

परदेशात ठरविलेले आकडे सोलापूरसारख्या ठिकाणी जसेच्या तसे लागू पडत नाहीत. येथे एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ४०° से. च्या वर जाते आणि एंजिनाच्या झाकणाखाली ते ७०° से. वा त्याहून अधिक असू शकते. समजा, एखादा ३० अँपिअरचा औष्णिक खंडक २५° से. तापमानाला जुळविला आहे व त्याची पट्टी १२०° से. ला वाकते. त्याला ९५ अंशांची वाढ लागते. भोवतालचे तापमान ७०° झाल्यावर ५० अंशच पुरतात. तापमानवाढ प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात धरल्यास तोच खंडक सु. २२ अँपिअरला उघडेल. जस्ताची वितळतार मात्र सु. ४२०° से. ला वितळते, तिला ३९५ ऐवजी ३५० अंश लागतील, म्हणजे तिची क्षमता अवघी सहा टक्क्यांनी घटेल. हे गणित ढोबळ आहे, पण फरक कोणत्या प्रतीचा आहे ते त्यावरून कळते. उन्हाळ्यात विनाकारण उघडणारा खंडक सदोष आहे असे समजून तो काढून टाकण्यापूर्वी तो कोठे बसविला आहे हे पाहावे. एंजिनापासून दूर, चालकाच्या पुढच्या फळीमागे हलविल्यास तोच खंडक निमूटपणे काम करतो.

घरगुती लघु मंडल खंडक गाडीत बसविण्याचा मोह मालमोटारींची बांधणी करणाऱ्यांना होतो. तो टाळावा. प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो व स्पर्शकांमधील प्रज्योत आपोआप विझते. घटमालेचा एकदिश प्रवाह असा शून्यावर येत नाही. त्याच्या चुंबकीय भागाची मर्यादाही एकदिश प्रवाहाला सु. १·४ पट वर सरकते. शिवाय कमी अँपिअरच्या घरगुती खंडकातील अंतर्गत रोध २३० व्होल्टवर जाणवत नाही, पण १२ व्होल्टवर दिवे मंद करतो.

वितळतारेचा खरा शत्रू मात्र खंडक नसून तिच्या जागी घातलेला तारेचा तुकडा होय. पुणे–सोलापूर–हैदराबाद हमरस्त्यावर रात्री दिवे गेले, जवळ वितळतार नाही, आणि सकाळी माल पोचलाच पाहिजे. अशा वेळी तांब्याच्या तारेचे पदर किंवा सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद गुंडाळून मंडल जोडले जाते. दिवे लागतात, गाडी पोचते आणि तो तुकडा महिनोन्महिने तसाच राहतो. त्या मंडलात आता सर्वांत दुबळा संवाहक म्हणजे आसनाखालून गेलेली तारच होय. चालकाला दोष देऊन भागत नाही. वितळतार पेटीच्या झाकणातच दोन जादा वितळतारा ठेवण्याची जुनी लूकस पद्धत या बाबतीत शहाणपणाची होती.

काचेच्या नळीतील व चिनी मातीच्या वितळतारांची जागा १९७६ मध्ये अमेरिकेतील लिटलफ्यूज कंपनीने आणलेल्या पातीच्या वितळतारेने घेतली. पारदर्शक आवरणातून तुटलेली पट्टी दिसते व अंकित प्रवाह रंगावरून कळतो : १० अँपिअर तांबडा, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. ३२ व्होल्टपर्यंतच्या दाबाला ती १,००० अँपिअरचा संक्षेप प्रवाह तोडू शकते. आपोआप मिटणाऱ्या लहान खंडकाकडून ही अपेक्षा करता येत नाही. रंगांमुळे भाषा न वाचणाऱ्यालाही योग्य वितळतार निवडता आली, ही तिची मोठी कामगिरी मानली पाहिजे.

प्रवासी बसच्या बाबतीत ही निवड केवळ मालकाच्या मर्जीवर राहिलेली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या विनियम १०७ नुसार आरंभक, घटमालेचे भारण, एंजिन बंद करणारे साधन अशी मोजकी मंडले सोडून प्रत्येक मंडलात वितळतार किंवा मंडल खंडक असावा लागतो, आणि आतील दिव्यांची किमान दोन मंडले अशी ठेवावी लागतात, की एक तुटल्याने दुसरे बंद पडू नये. बीटलच्या दिव्यांमागील तत्त्वच येथे प्रवाशांच्या डोक्यावर आले आहे. भारतात बसच्या सांगाड्यासाठी केलेले ए. आय. एस. ०५२ हे मानक त्याच धर्तीवर आहे. आरंभकाला मात्र अद्याप वितळतार देत नाहीत, कारण तो शेकडो अँपिअर घेतो. म्हणून घटमालेपासून आरंभकापर्यंतची जाड तार पत्र्याच्या कडेपासून दूर व पक्क्या आधाराने नेणे हेच तिचे संरक्षण.

विद्युत् मोटारगाड्यांत प्रश्नाचे रूप पालटले आहे. त्यांच्या मुख्य घटमालेचा दाब काहीशे व्होल्ट असल्याने एकदिश प्रज्योत विझविणे कठीण असते. त्यासाठी वाळू भरलेल्या सिरॅमिक नळीतील वितळतारा, तसेच अपघाताच्या वेळी लहान स्फोटाने संवाहकच कापून टाकणारी साधने वापरतात. कमी दाबाच्या मंडलांत अर्धसंवाहक खंडक येत आहेत. ते प्रवाह मोजून काही मिलिसेकंदांच्या आत मंडल तोडतात आणि आपोआप पुन्हा जोडावयाचे की नाही, हे प्रत्येक मंडलाच्या प्रोग्रॅममध्ये आधीच ठरवून ठेवलेले असते.