मागच्या सीटवरून हँडलपर्यंत

आपल्या बचत गटांच्या बैठकीत पूर्वी कर्जाचे अर्ज यायचे ते शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी, पिठाच्या गिरणीसाठी. आता त्यात दुचाकीही आली आहे. कुणाला डेअरीला दूध घालायचंय, कुणाला अंगणवाडीवर जायचंय, कुणाला बाजारात भाजी न्यायचीय. अर्ज बाईचा असतो आणि हप्ताही तीच फेडणार असते. पण "ताई, कोणती गाडी घेणार?" असं विचारलं की उत्तर येतं, "ते घरातली माणसं ठरवतील." म्हणून आज दुचाकीचा थोडा इतिहास सांगते. आपली पहिली गाडी आपण कशी निवडायची, हे त्यातूनच कळेल.

१९७२ साली पुण्याजवळच्या बजाजच्या कारखान्यातून चेतक स्कूटर आली. राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव तिला दिलेलं. नंबर लावून लोक वर्षानुवर्षं तिची वाट बघत. पण ती चालवायची कशी? किक मारायची, डाव्या मुठीत क्लच आणि गिअर, उजव्या पायाशी मागचा ब्रेक. इंजिन एका बाजूला, त्यामुळे गाडीचा तोल त्या अंगाला. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं. किक लागली नाही की गाडी तिरकी करायची, पुन्हा किक मारायची. बुलेट, राजदूत या मोटारसायकली तर त्याहून उंच आणि जड. या सगळ्यांत बाईची जागा मागे होती, एका अंगाला पाय सोडून बसायची.

कायद्यातही हे दिसतं. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिलं आहे की, मागे बसणाऱ्याला धरायला मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि कपडा चाकात जाऊ नये म्हणून मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं हवं. तेच आपलं साडी गार्ड. नियम चांगलाच आहे, त्याने कितीतरी जणींचे जीव वाचले असतील. पण साडी नेसलेली बाई मागेच बसणार, असंच तेव्हा सगळे धरून चालले होते.

त्याच १९७२ च्या सुमारास पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिक कंपनीने लुना आणली. पन्नास सीसीचं लहान इंजिन, गिअर नाही, आणि सायकलसारखी पायडल. जिला सायकल येते तिला लुना येते, इतकं ते सोपं होतं. मग शिक्षिका, नर्सबाई लुनावरून जाताना दिसू लागल्या. १९८० साली तमिळनाडूतून टीव्हीएस ५० आली, ती दोघांना नेणारी मोपेड. तिच्याच वंशातल्या गाड्यांवर आज खेड्यापाड्यांत दुधाचे कॅन आणि खताची पोती जातात.

१९८४ साली कायनेटिक होंडा आली आणि मोठा फरक पडला. बटण दाबलं की गाडी चालू, आणि गिअर बदलायची भानगडच नाही. पुढे १९९० नंतर हलकी स्कूटी आली, २००१ साली ॲक्टिवा आली. चार स्ट्रोकच्या इंजिनामुळे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचंही गेलं. म्हणजे बघा, बाईचं बळ कमी पडत होतं असं नाही. गाडीच तिचा विचार करून बनवलेली नव्हती. गाडी बदलली आणि बाई पुढच्या सीटवर आली.

अजून एक गोष्ट सांगते. १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांत तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहीम चालली होती. तिच्यात हजारो बायका सायकल शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा त्यांनी जेन्टस सायकली घेतल्या. काहींना तर त्याच बऱ्या वाटल्या, कारण पुढच्या दांडीवर मूल बसवता येतं. गाडी बायकांची की पुरुषांची, हे त्यांनी बघितलं नाही. आपलं काम कशाने होतं ते बघितलं.

आपणही तेच बघायचं. पहिली गाडी घेताना पाच गोष्टी स्वतः तपासायच्या.

पहिली, उंची. सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात का? नुसती बोटं टेकत असतील तर ती गाडी आपली नाही.

दुसरी, वजन. आजची साधी स्कूटर किंवा शंभर सीसीची मोटारसायकल एकशे दहा किलोच्या आसपास असते, म्हणजे साखरेची दोन पोती. बुलेट पावणेदोनशेच्या पुढे. इंजिन बंद ठेवून गाडी एकटीने ढकलून, मागे घेऊन, मोठ्या स्टँडवर लावून बघायची.

तिसरी, रस्ता. स्कूटरची चाकं लहान, दहा-बारा इंची. डांबरी रस्त्यावर उत्तम, पण चाकोरीत आणि खड्ड्यात अडकतात. वस्ती आत असेल तर मोपेडचं किंवा मोटारसायकलचं मोठं चाक बरं. मोटारसायकल घेणार असाल तर आधी गिअर मोकळ्या मैदानात शिका.

चौथी, ओझं. कॅन, पोतं, मूल, यातलं रोज काय न्यायचं? विजेची गाडी घ्यायची तर आपल्याकडे लाईट किती तास असते, तेही धरा.

पाचवी, ब्रेक. एप्रिल २०१९ पासून एकशे पंचवीस सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना जोडब्रेक सक्तीचा झाला, एक दाबला की दोन्ही चाकांना लागतो. जुनी गाडी घेताना हे विचारा. नवशिक्या बाईला शंभर ते एकशे पंचवीस सीसी भरपूर झाली.

आणि कागद. अठरा वर्षं पूर्ण हवीत. आधी शिकाऊ लायसन्स, ते सहा महिने चालतं, आणि तीस दिवसांनंतर पक्क्याची परीक्षा देता येते. बिनगिअरच्या लायसन्सवर गिअरची गाडी चालवता येत नाही. हेल्मेट डोक्यावर, पदर खोचलेला, ओढणी बांधलेली.

शेवटचं, पण महत्त्वाचं. हप्ता जिचा, आरसी बुकावर नाव तिचं. पुढच्या बैठकीत गाडीचा अर्ज आला तर गटाने तो लगेच मंजूरही करू नये आणि नाकारूही नये. एक गाडी शाळेच्या मैदानात मागवावी, आणि अर्ज करणाऱ्या ताईला म्हणावं, "बस, पाय टेकव, आणि स्टँडला लाव." कोणती गाडी घ्यायची, ते तिचं तिलाच कळेल.